अलार्म मेला, फोन चालू होता

१४ ऑगस्ट २००३, गुरुवार. अमेरिकेच्या ओहायो राज्याचा उत्तर भाग, ईरी सरोवराचा काठ. क्लीव्हलंड आणि अ‍ॅक्रन या शहरांना वीज पुरवणारी कंपनी फर्स्टएनर्जी. दिवस उकाड्याचा, घरोघरी एसी चालू, विजेची मागणी चढलेली. पण ऑगस्टात तिथे असा उकाडा असतोच, आणि याहून जास्त मागणी त्याच तारांनी आधी पेलली होती.

त्या दुपारी सव्वाचार वाजायच्या आत अमेरिकेची आठ राज्यं आणि कॅनडाचा ऑन्टारिओ प्रांत मिळून सुमारे पाच कोटी लोकांची वीज गेली. कारण विचारलं की लोक सांगतात, झाडं. तारा झाडांना टेकल्या. ते खरंच आहे. पण तार झाडाला टेकणं हा वीजक्षेत्रातला नेहमीचा उपद्रव. एक लाइन गेली तर पुढे काय करायचं, हे कंट्रोल रूममधल्या माणसाला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता येतं. अट एकच: लाइन गेली हे त्याला कळलं पाहिजे.

पुढच्या सगळ्या वेळा तिथल्या स्थानिक घड्याळाच्या आहेत.

दुपारी १२.१५

सुरुवात ओहायोत नाही, शेजारच्या इंडियाना राज्यात, कार्मेल गावी. तिथे ‘मायसो’ या संस्थेचं नियंत्रण केंद्र आहे. मायसो वीज विकत नाही. अनेक वीजकंपन्यांच्या जाळ्यावर वरून नजर ठेवणं हे तिचं काम. फर्स्टएनर्जी तेव्हा तिच्याच देखरेखीखाली होती.

ही नजर म्हणजे ‘स्टेट एस्टिमेटर’ नावाचं सॉफ्टवेअर. जाळ्यातून येणारी मोजमापं ते दर पाच मिनिटांनी गोळा करतं, त्यांची एकमेकांशी सांगड घालतं आणि या घडीला कोणत्या तारेतून किती वीज वाहते आहे याचं चित्र तयार करतं. त्या चित्रावरून मग पुढचा हिशेब होतो: अमुक लाइन गेली तर भार कुणावर पडेल, आणि त्याला तो झेपेल का.

त्या दुपारी इंडियानातली २३० केव्हीची एक लाइन बंद पडली होती आणि तिची खबर या सॉफ्टवेअरला आपोआप मिळण्याची सोय नव्हती. आकडे जुळेनात. तिथल्या विश्लेषकाने दोष शोधण्यासाठी दर पाच मिनिटांची आपोआप फेरी थांबवली, लाइनची स्थिती हाताने दुरुस्त केली, एकदा चालवून बघितलं. एकच्या सुमाराला उत्तर बरोबर आलं. आणि तो जेवायला गेला. आपोआप फेरी परत चालू करायची राहिली.

देखभालीचं काम केलेल्या कुणालाही हा प्रकार नवा नाही. दुरुस्ती अवघड असते म्हणून तिच्याकडे लक्ष असतं. दुरुस्तीसाठी जे सुटं केलं ते परत जोडणं सोपं असतं, म्हणून राहतं. नजर ठेवणाऱ्याचा एक डोळा असा मिटला, आणि तो मिटला आहे हे जवळपास पावणेतीनपर्यंत कुणाच्या ध्यानात आलं नाही.

१.३१

क्लीव्हलंडच्या पूर्वेला सरोवरकाठी ईस्टलेक वीजकेंद्र होतं. त्याचा पाच नंबरचा संच, जवळजवळ ६०० मेगावॅटचा, बंद पडला. त्या भागात व्होल्टेज खाली येत होतं, ते सावरण्यासाठी ऑपरेटर या संचाकडून जास्त रिअ‍ॅक्टिव्ह पॉवर ओढू पाहत होता. संचाच्या संरक्षण यंत्रणेने ते सहन केलं नाही.

संच बंद पडल्याने आभाळ कोसळत नाही. पण आता शहराच्या जवळची वीज कमी झाली आणि तेवढी लांबून, तारांवरून आणावी लागणार होती. अशा वेळी ‘आता आणखी एक काही गेलं तर?’ हा हिशेब पुन्हा करायचा असतो. फर्स्टएनर्जीकडे तो करण्याचं साधन होतं. त्यांनी ते चालवलं नाही.

२.०२

दक्षिण ओहायोत स्टुअर्ट–अटलांटा ही ३४५ केव्हीची लाइन गेली. (अटलांटा हे इथे ओहायोतल्या उपकेंद्राचं नाव आहे, जॉर्जियातलं शहर नव्हे.) ही लाइन फर्स्टएनर्जीची नाही, मायसोच्या हद्दीतलीही नाही. तिचा भार क्लीव्हलंडवर आला असंही नाही. तिने बिघडवलं ते वेगळंच, ते पुढे येईल.

२.१४

फर्स्टएनर्जीच्या कंट्रोल रूममध्ये शेवटचा अलार्म आला.

तिथल्या संगणक यंत्रणेचं नाव एक्सए/२१, बनावट जनरल इलेक्ट्रिकची, युनिक्सवर चालणारी. तिच्या अनेक प्रोसेसपैकी एकीचं काम अलार्म देण्याचं. उपकेंद्रात ब्रेकर उघडला, व्होल्टेज मर्यादेबाहेर गेलं, तारेवर जादा भार आला की ती आवाज करणार, पडद्यावर ओळ दाखवणार, छापील नोंदीतही ओळ उमटवणार. शेकडो उपकेंद्रांच्या हजारो आकड्यांवर माणसाने डोळे लावून बसायचं नाही. काही बदललं तर यंत्रणा हाक मारेल, तोवर माणसाने आपली बाकीची कामं करावीत, अशी ही व्यवस्था.

२.१४ नंतर ती प्रोसेस एका अलार्मवर काम करता करता अडकली. दोन प्रोसेस एकाच माहितीच्या साठ्यात लिहिण्यासाठी एकाच क्षणी घुसल्या. तसं होऊ नये म्हणून कुलूप असतं. एकीचं लिहून होईपर्यंत दुसरीने दाराशी थांबायचं. पण कोडमधल्या एका चुकीमुळे दोघींना एकदम आत जाता आलं. साठा बिघडला. तो बिघडलेला साठा वाचताना अलार्मची प्रोसेस त्याच त्या चक्रात फिरत राहिली. प्रोग्रामर याला ‘रेस कंडिशन’ म्हणतात आणि या जातीच्या बगला मनातून घाबरून असतात, कारण तो घडण्याची फट काही मिलिसेकंदांची असते. ती फट चुकली की सगळं ठीक चालतं. वर्षानुवर्षं.

इथे एक गोष्ट नीट बघायला हवी. प्रोसेस सरळ कोसळली असती तर बरं झालं असतं. कोसळलेल्या प्रोसेसची जागा रिकामी दिसते. देखरेख करणारा प्रोग्राम ती हेरतो, पुन्हा चालू करतो, निदान कुणाच्या तरी पेजरवर संदेश पाठवतो. ही प्रोसेस कोसळली नव्हती. चालू प्रोसेसच्या यादीत तिचं नाव होतं. प्रोसेसरचा वेळही ती खात होती. फक्त काम करत नव्हती. तिच्याकडे येणारे नवे अलार्म दाराशी साचू लागले, बफर भरले, ओसंडले.

कंट्रोल रूममध्ये काय दिसलं? काहीच नाही. आवाज नाही, पडद्यावर नवी ओळ नाही, नोंदीत नवी ओळ नाही. आणि अलार्म नसणं म्हणजे सगळं ठीक असणं, ही तर त्या खोलीतली रोजची समजूत. ती समजूत चुकीची म्हणता येत नाही. एवढी वर्षं ती खरी ठरत आली होती. चूक यंत्रणा रचणाऱ्यांची. अलार्मची प्रोसेस मेली तर तिच्या मरणाची वर्दी देणारं दुसरं काहीच त्यांनी ठेवलं नव्हतं.

२.२० ते २.३६

काही उपकेंद्रांमध्ये याच यंत्रणेचे दूरचे टर्मिनल होते. माहिती तुंबत गेली तसे त्यातले काही २.२० ते २.२५ च्या दरम्यान बंद पडले. अ‍ॅक्रनच्या कंट्रोल रूमला पत्ता नाही. तीनच्या पाळीवर आलेल्या एका तंत्रज्ञाला आपला टर्मिनल चालत नसल्याचं दिसलं आणि त्याने २.३६ ला कंट्रोल रूमला फोन करून कळवलं.

हा फोन महत्त्वाचा. पण त्याच्या चार मिनिटं आधी आलेला फोन त्याहून महत्त्वाचा.

२.३२

२.२७ ला स्टार–साउथ कँटन ही ३४५ केव्हीची लाइन ट्रिप झाली आणि लगेच आपली आपण पुन्हा जोडली गेली. ही लाइन फर्स्टएनर्जी आणि शेजारची एईपी या दोन कंपन्यांना जोडते. एईपीच्या पडद्यावर घटना दिसली. त्यांनी पाच मिनिटांनी फर्स्टएनर्जीला फोन केला: तुमच्या टोकाला काय दिसलं?

फर्स्टएनर्जीच्या ऑपरेटरने अलार्मची यादी पाहिली. काही नाही. नोंद नाही. तसं त्याने सांगितलं.

जोडलाइनची घटना एका टोकाला दिसते आणि दुसऱ्या टोकाला नाही. याचे अर्थ दोनच: एक तर शेजारी चुकतोय, नाहीतर आपली यंत्रणा आंधळी झाली आहे. त्या खोलीत पहिला अर्थ धरला गेला. तो माणूस आळशी किंवा मूर्ख होता असं मानायचं कारण नाही. समोर लाखो डॉलरची यंत्रणा आणि कानाशी एक शेजारी, यात बहुतेक जण यंत्रणेवरच विश्वास ठेवतील. मात्र त्या दुपारचं सगळं लिखित वाचताना हेच पुन्हा पुन्हा दिसतं. संगणक गप्प होता, पण फोनवरून खरी बातमी येतच होती.

२.४०

इकडे कार्मेलमध्ये आपोआप फेरी बंद राहिल्याचं ध्यानात आलं. चालू केली. पण आता मधल्या काळात गेलेली स्टुअर्ट–अटलांटा आडवी आली. ती मायसोच्या हद्दीबाहेरची, तिची स्थिती सॉफ्टवेअरला ठाऊक नाही. पुन्हा आकडे जुळेनात. ती लाइन नक्की चालू आहे की बंद, हे शेजारच्या संस्थेला फोन करून विचारायला साडेतीन झाले.

२.४१

ज्या मुख्य सर्व्हरवर अलार्मची प्रोसेस चालत होती, तो सर्व्हरच पडला. अडकलेल्या प्रोसेसमुळे म्हणा किंवा टर्मिनलांच्या तुंबलेल्या माहितीमुळे म्हणा, बहुधा दोन्हीमुळे.

अशा वेळेसाठीच बॅकअप सर्व्हर असतो. ठरवल्याप्रमाणे सगळ्या प्रोसेस आपोआप त्याच्यावर गेल्या. सगळ्या म्हणजे अडकलेली अलार्मची प्रोसेससुद्धा, जशी होती तशी, त्याच बिघडलेल्या अवस्थेत. बॅकअपची सगळी कल्पना ‘यंत्र बिघडेल’ या भीतीवर उभी असते. इथे यंत्र धड होतं. रोग माहितीत होता, आणि बॅकअपने तो इमानेइतबारे सोबत नेला.

तेरा मिनिटांनी, २.५४ ला, बॅकअपही पडला.

आता परिणाम अलार्मपुरता राहिला नाही. पडदे बदलायला एरवी एक ते तीन सेकंद लागत, ते आता एकेका पडद्याला ५९ सेकंदांपर्यंत लागू लागले. एका उपकेंद्राचं चित्र उघडायचं, त्यातून दुसऱ्यावर जायचं, तिसऱ्यावर. तीन पडदे पाहीपर्यंत पहिला शिळा. निर्मिती आणि मागणी क्षणाक्षणाला जुळवणारी आपोआप यंत्रणाही सुमारे चौदा मिनिटं बंद होती.

सर्व्हर पडल्याची वर्दी कंपनीच्या आयटी विभागाला मात्र मिळाली. पेजर वाजले. पहिला २.४१ ला, दुसरा २.५४ ला. माणसं कामाला लागली. त्यांनी कंट्रोल रूमला काही सांगितलं नाही. कंट्रोल रूमनेही आयटीला काही विचारलं नाही.

३.०५

हार्डिंग–चेंबरलिन, ३४५ केव्ही. वेळ अगदी सेकंदापर्यंत नोंदलेली आहे: ३ वाजून ५ मिनिटं ४१ सेकंद. तार झाडाला टेकली आणि लाइन गेली.

उन्हात आणि भाराखाली तारा तापतात, लांबतात, त्यांना झोळ येतो. तो धरूनच खाली किती मोकळी जागा हवी ते ठरलेलं असतं. या तारेवर त्या वेळी तिच्या आपत्कालीन क्षमतेच्या निम्म्याहून कमी, ४४ टक्के भार होता. म्हणजे झोळ हिशेबातला होता. झाड हिशेबाबाहेर वाढलेलं होतं. फर्स्टएनर्जीची झाडं छाटण्याची पाळी पाच वर्षांनी येई. झाडं काही पाळी बघून वाढत नाहीत.

कंट्रोल रूममध्ये अलार्म नाही.

३.०८

तीन मिनिटांनी आयटीच्या माणसांनी मुख्य सर्व्हरचा वॉर्म रिबूट पूर्ण केला. चालू होताना सर्व्हर स्वतःची तपासणी करतो. तपासणीत सगळं हिरवं. सर्व्हर चालू, अपेक्षित त्या सगळ्या प्रोसेस चालू. त्यांच्या दृष्टीने काम फत्ते झालं.

वॉर्म रिबूटमध्ये यंत्रणा कोऱ्या पाटीवरून सुरू होत नाही. अलार्मची प्रोसेस यादीत होती आणि अडकलेलीच होती. तपासणी विचारत होती, ‘प्रोसेस चालू आहे का?’ उत्तर खरं होतं. ‘अलार्म येताहेत का?’ हा प्रश्न तपासणीत नव्हता. तो कंट्रोल रूममध्ये बसलेल्या माणसालाच विचारायचा होता. त्यासाठी एक फोन पुरला असता. पलीकडचा ऑपरेटर म्हणाला असता, अलार्म? तासाभरात एकही नाही. आणि तिथेच दोघांना कळलं असतं.

कोणत्याही कार्यालयात आयटी आणि प्रत्यक्ष काम करणारे यांच्यामध्ये एक अदृश्य काउंटर असतो. अलीकडचा तिकीट बंद करतो, पलीकडचा तक्रार लिहायला कंटाळतो. अ‍ॅक्रनमध्ये त्या काउंटरच्या दोन्ही बाजूंकडे अर्धं अर्धं सत्य होतं: सर्व्हर पडला होता हे एका बाजूला ठाऊक, अलार्म नाहीत हे दुसऱ्या बाजूला दिसत होतं. या आपत्तीत मला बगपेक्षा हे चौतीस मिनिटांचं अंतर जास्त छळतं, ३.०८ ते ३.४२.

३.१९

एईपीचा पुन्हा फोन. त्यांनी आपल्या टोकाला उपकरणं तपासून घेतली होती: २.२७ ची घटना खरी आहे, तुम्हाला खरंच काही दिसलं नाही? नाही. अजूनही नाही.

३.३२

हार्डिंग–चेंबरलिनचा भार ज्या लाइनवर सरकला होता त्यातली एक, हॅना–ज्युनिपर, ३४५ केव्ही, झाडाला टेकून गेली. भार क्षमतेच्या सुमारे ८८ टक्के. झाडं छाटणारं एक पथक त्या वेळी तिथे जवळच काम करत होतं. तार झाडाला लागताना त्यांनी डोळ्यांनी पाहिली.

३.३५ नंतर

आता फोन थांबेनात. पेरी अणुवीज केंद्रातून फोन: व्होल्टेज उसळ्या मारतंय, असंच चाललं तर आम्ही फार वेळ टिकणार नाही. मायसोचा फोन: हॅना–ज्युनिपर तुमच्याकडे चालू आहे ना? एईपीचा फोन. फर्स्टएनर्जीचा ऑपरेटर मायसोला जे म्हणाला त्याचा आशय असा, की आम्हाला काहीच कळेनासं झालंय, आमचा संगणकही आम्हाला छळतोय. संगणकात काहीतरी बिघाड आहे हे त्या खोलीतून बाहेर पहिल्यांदा बोललं गेलं ते असं, ओघात, तक्रारीच्या सुरात.

३.४१

स्टार–साउथ कँटन, दुपारी २.२७ ला ट्रिप होऊन जोडली गेलेली तीच, ३.३८ ला पुन्हा गेली, पुन्हा जोडली गेली आणि ३ वाजून ४१ मिनिटं ३५ सेकंदांनी कायमची गेली. पुन्हा झाड. तीन मोठ्या लाइन छत्तीस मिनिटांत गेल्या. आता त्यांचा भार खालच्या, १३८ केव्हीच्या जाळ्यावर कोसळू लागला आणि ते जाळं अ‍ॅक्रनच्या आसपास एकेका तारेने तुटू लागलं.

३.४२

कंट्रोल रूममधल्या एका ऑपरेटरने आयटीला सांगितलं की अलार्म चालत नाहीत. दीड तास झाला होता.

आता औषध माहीत होतं: कोल्ड रिबूट. सगळं पूर्ण बंद करून कोऱ्या पाटीवरून चालू करायचं. मग अडकलेल्या प्रोसेसची अवस्थाही पुसली जाते. आयटीने तसं सुचवलं. ऑपरेटर नको म्हणाले. जाळं आधीच डळमळीत आहे, रिबूटला किती वेळ लागेल सांगता येत नाही, आणि तोवर आत्ता जे थोडंफार दिसतंय तेही दिसणार नाही. त्या घडीला त्यांचं म्हणणं पटण्यासारखं आहे. ३.०८ ला हाच निर्णय घ्यायचा असता तर फक्त एक लाइन गेलेली होती आणि थोडा वेळ आंधळं राहणं परवडलं असतं. उशीर झाला की बरोबर उपायही असा परवडेनासा होतो.

३.४५

झाडं छाटणाऱ्या त्या पथकाने अखेर कळवलं: आम्ही तार झाडाला लागताना पाहिली, ईस्टलेक–ज्युनिपर लाइनची. ऑपरेटरने पडद्यावर बघितलं. ईस्टलेक–ज्युनिपरमधून वीज व्यवस्थित वाहत होती. गेली होती ती त्याच भागातून जाणारी हॅना–ज्युनिपर. प्रत्यक्ष डोळ्यांनी पाहिलेली एकमेव साक्ष आली, आणि ती एका चुकीच्या नावामुळे वाया गेली. उलट गोंधळात भर पडली.

मिनिटभराने मुख्य सर्व्हर पुन्हा पडला. निर्मिती आणि मागणी जुळवणारी यंत्रणा पुन्हा तेरा मिनिटं गेली.

३.५९

वेस्ट अ‍ॅक्रन उपकेंद्रात एक ब्रेकर निकामी झाला आणि एका झटक्यात १३८ केव्हीच्या पाच लाइन गेल्या. अ‍ॅक्रनच्या काही भागांत एव्हाना अंधार होता.

४.०४

कार्मेलमध्ये मायसोचा स्टेट एस्टिमेटर आपोआप फेरीसकट पुन्हा पूर्ण चालू झाला. दुपारी सव्वाबारानंतर असं पहिल्यांदाच झालं. पुढच्या घटनेला दोन मिनिटंही उरली नव्हती.

४ वाजून ५ मिनिटं ५७ सेकंद

सॅमिस–स्टार, ३४५ केव्ही. इथे झाड नाही, दोष नाही, काही नाही. तार नुसती जड भाराखाली होती, आपत्कालीन क्षमतेच्या वर. व्होल्टेज खाली, करंट वर; आणि लाइनच्या टोकाला बसलेल्या रिलेच्या ‘झोन ३’ नावाच्या भागाला हे दृश्य लांब कुठेतरी शॉर्टसर्किट झाल्यासारखं दिसलं. त्याने लाइन तोडली. रिलेला जे शिकवलं होतं तेच त्याने केलं.

आपल्याकडे ३० जुलै २०१२ च्या पहाटे बीना–ग्वाल्हेर ही ४०० केव्हीची लाइन गेली तीही अशीच. दोष नव्हता, जादा भार झोन ३ ने दोष समजून लाइन तोडली आणि उत्तर भारताचं ग्रिड कोसळलं. दुसऱ्या दिवशी तर उत्तरेसोबत पूर्व आणि ईशान्यही गेले. पश्चिम ग्रिड, आणि त्यासोबत महाराष्ट्र, दोन्ही दिवस वाचला. अमेरिकेचा अहवाल येऊन तेव्हा आठ वर्षं झाली होती.

तपास करणाऱ्या अमेरिका–कॅनडाच्या संयुक्त टास्क फोर्सचं मत असं पडलं की सॅमिस–स्टार जाण्याआधी क्लीव्हलंड–अ‍ॅक्रन भागातला सुमारे १,५०० मेगावॅट भार हाताने कापला असता, तर पुढचं टळलं असतं. थोडक्यात, दोन शहरांच्या काही भागांत भारनियमन. त्या काळात महाराष्ट्रात गावोगावी रोज घडत होतं तेच. पण काय कापायचं हे ठरवायला आधी कापायची वेळ आली आहे हे कळायला हवं.

४.१०

सॅमिस–स्टारनंतर माणसाच्या हातात काही राहिलं नाही. ओहायोतून मिशिगनकडे लाइन तुटत गेल्या. ४ वाजून १० मिनिटं ३८ सेकंदांच्या सुमारास ईरी सरोवराच्या दक्षिण काठाची शेवटची वाट तुटली, आणि क्लीव्हलंडकडे जाणारी वीज उलट्या दिशेने फिरली: पेनसिल्व्हेनियातून न्यूयॉर्क, न्यूयॉर्कमधून ऑन्टारिओ, तिथून मिशिगन, असा सरोवराला पूर्ण वळसा घालून. एवढा लोंढा पेलण्यासाठी त्या तारा नव्हत्या. रिले पाठोपाठ उघडले. वीजकेंद्रं स्वतःला वाचवण्यासाठी बाजूला झाली. पेरीही बंद झालं.

४.१३ पर्यंत सगळं संपलं होतं. ६१,८०० मेगावॅट मागणी अंधारात. २६५ वीजकेंद्रांमधले ५०० हून अधिक संच बंद. क्लीव्हलंडमध्ये पाण्याचे पंप थांबले. न्यूयॉर्कमध्ये भुयारी गाड्या बोगद्यात अडकल्या, लिफ्ट मजल्यांच्या मध्ये थांबल्या, लाखो लोक पूल ओलांडून पायी घरी निघाले. भारतात तेव्हा १५ ऑगस्ट लागला होता, रात्रीचे पावणेदोन वाजत आले होते. न्यूयॉर्क, न्यू जर्सी, टोरांटोला मुलंबाळं असलेल्या घरांना सकाळी टीव्हीवर ध्वजवंदनासोबत ही बातमी मिळाली, आणि मग फोन लागेनात. काही भागांत वीज परत यायला चार दिवस लागले.

नंतर

पहिले काही दिवस दोष ढकलण्यात गेले. अमेरिकेने कॅनडाकडे बोट दाखवलं, कॅनडातून नायगाराजवळ वीज पडल्याचं सांगितलं गेलं. त्याच आठवड्यात ‘ब्लास्टर’ नावाचा वर्म जगभरच्या संगणकांत घुसला होता, त्यामुळे संशय त्याच्यावरही गेला. त्याचा काही संबंध निघाला नाही.

अलार्मची प्रोसेस का अडकली, हे शोधायला जनरल इलेक्ट्रिकच्या माणसांना कित्येक आठवडे लागले. जगभरच्या ग्राहकांकडे मिळून तीस लाखांहून अधिक तास एक्सए/२१ चालली होती आणि हा बग कधी समोर आला नव्हता. प्रयोगशाळेत तीच परिस्थिती उभी केली, तेच अलार्म सोडले, प्रोसेस अडकेना. शेवटी त्यांनी यंत्रणा मुद्दाम मंद केली, कोडमध्ये जागोजागी थांबे घातले, म्हणजे ती मिलिसेकंदांची फट रुंद होईल. तेव्हा कुठे दोन प्रोसेस एकदम आत शिरताना सापडल्या. दुरुस्ती तयार झाली, ग्राहकांकडे गेली.

फर्स्टएनर्जीला या प्रकरणी विश्वासार्हतेचे नियम मोडल्याबद्दल दंड झाला नाही, कारण २००३ मध्ये ते नियम पाळणं ऐच्छिक होतं. २००५ मध्ये अमेरिकेत कायदा झाला आणि २००७ पासून ते बंधनकारक झाले. पुढे त्यात आणखी एका नियमाची भर पडली: अलार्म देणारी प्रोसेस बंद पडली तर तिची वर्दी ऑपरेटरला देणारी वेगळी देखरेख प्रत्येक नियंत्रण केंद्रात असलीच पाहिजे.